बंद न पडणारे दिवे

—पैशाचं सोडा हो साहेब, पैसे मागतंय कोण? तुम्ही खरेदी खात्यात नवे, तुमचंही बरोबर आहे — तीन वर्षांत एक दिवा गेला नाही, मग हा म्हातारा दर महिन्याला शिडी लावून वर चढतो कशाला? मी म्हणतो, देखभालीचा करार मोडा, खुशाल मोडा, पण मला फुकट येऊ द्या. टेका ना जरा. ती खुर्ची डुगडुगते, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही. चहा येतोच आहे.

जुने दिवे तुम्ही बघितलेच नाहीत. तुमच्याकडे अपघाताच्या चाचणीला अख्खी गाडी भिंतीवर आपटायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास, आणि तेवढ्यात कॅमेरा हजारो चित्रं काढणार — मग उजेड किती लागत असेल! तेव्हाचे दिवे म्हणजे भट्ट्या. गाडीत माणसाच्या जागी बसवलेला तो पुतळा तापायचा, आणि पुतळा तापला की चाचणी रद्द. नवरदेवाचे नखरे परवडले! त्यात ती लुकलुक — आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते, एक चित्र उजळ, एक काळं. मी दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे विकणारा, शाळा अर्ध्यात सोडलेला — शिकलो कसा? झटके खाऊन. विजेचे आणि गिऱ्हाइकांचे. शेवटी असे एलईडी बसवले की तापत नाहीत, लुकलुकत नाहीत, गाडीच्या पोटाखालीसुद्धा सावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना — माझ्या दिव्यांखाली तो औषधालाही सापडायचा नाही. आणि टिकाऊ! तिथेच गाढवपणा झाला. जुन्यांतला एखादा सारखा जायचा. फोन आला की मी निघालोच —

धंद्याचं म्हणतोय हो. धंद्याचं.

कोण? पुतळ्यांच्या मॅडम? त्यांचा इथे काय — नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कामाला चोख आहेत. चाचणीआधी पुतळ्याच्या तोंडाला ओला रंग लावतात बघा, कपाळाला निळा, नाकाला लाल, म्हणजे तोंड कुठे आदळलं ते एअरबॅगवर उमटतं — तेव्हा डाव्या हाताने त्याची हनुवटी धरतात. अशी. तिची आई अगदी अशीच धरायची तिला, शाळेत जाताना पावडर लावायला. 'हललीस तर बघ' म्हणायची —

निघालं तोंडातून. आता काय झाकायचं? मुलगी आहे माझी. तिथे कुणाला ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका, तिला आवडायचं नाही. तिची आई गेली आणि वर्षाच्या आत मी दुसरं लग्न केलं. लोक बोलायचं ते बोलले. पण पोरगी कॉलेजातून रात्री यायची, संध्याकाळी आपल्याच घराचं कुलूप उघडायचं आणि आतून 'कोण?' म्हणायला कुणी नाही — नाही झालं माझ्याच्याने. पोरीने बॅग भरली. भांडली असती तर बरं होतं हो, भांडण मिटवता येतं. आता मला 'लाइटवाले' म्हणते. 'लाइटवाले, तिसरी ओळ बघा.' मी शिडीवर, ती खाली उजेड मोजायचं यंत्र धरून आकडे सांगते. मी मुद्दाम एखादा दिवा तसूभर वाकडा करतो — पुन्हा मोजावं लागतं, तेवढेच दोन आकडे जास्त ऐकू येतात. हसा, हसा. आणि घरची, म्हणजे आताची, माझी तिथली खेप असली की डबा दोघांपुरता भरते. विचारत काही नाही. अर्धा डबा परत येतो, मुकाट्याने घासून ठेवते.

तेव्हा तुम्ही वरच्या साहेबांना एवढंच सांगा, की दिवे कितीही चांगले असले तरी वरचेवर — काय? खेपा बंद करा असं कुणी सुचवलं म्हणालात?

मॅडमनी? स्वतः?

काय म्हणाली? नेमकं सांगा. तिचेच शब्द सांगा.

'त्यांचं काम परत बघावं लागत नाही.' असं म्हणाली? बैठकीत, सगळ्यांदेखत? — बघा, पोरीने शाबासकी दिली. इतक्या वर्षांनी दिली, आणि दिली ती ही अशी. आणखी काही?

'वय झालंय त्यांचं, शिडी फार उंच आहे.'

शिडीचं म्हणाली.

हं.

नको, तो चहा राहू द्या, गार झाला. करार मोडला म्हणून सांगा. फुकटचंही राहू द्या. फक्त तिसऱ्या ओळीतला शेवटचा दिवा — गेल्या खेपेला वाकडा करून ठेवलाय मी, पुढच्या वेळी निमित्त असावं म्हणून. तुमच्या कुणाच्या ध्यानात यायचा नाही. तिच्या आला असणार. एखाद्या तरण्या माणसाला वर चढवून तेवढा सरळ करून घ्या.

या आता. जाताना दार ओढून घ्या.