भंडाऱ्याचं बोट

खोटं बोलणार नाही असा नवस बोलले तेव्हा मला काय ठाऊक, बोटसुद्धा बोलतं म्हणून! तुम्हाला सांगते, रानडुकरांनी ऊस लोळवला म्हणून आमच्या ह्यांनी परवान्याची बंदूक घेतली, आणि मी घाबरून खंडोबाला म्हटलं, 'देवा, ही माणसावर उठू देऊ नको, मी रविवारी मीठ खाणार नाही की खोटं बोलणार नाही.' मीठ सुटलं हो... खोट्याचं सांगते.

ह्यांनी बंदूक ठेवायला बोट लावून उघडायची पोलादी पेटी आणली. उघडणार फक्त ह्यांच्या बोटानं. झालं की नाही छान? पण खंडेनवमीला हे कारखान्यात पाळीवर, मग शस्त्राची पूजा कुणी करायची? मीच हटून बसले, 'माझंबी बोट घाला!' पूजेसाठी हो! मेलं माझंच डोकं!

आणि पुढच्या श्रावणात हे असेच कारखान्यात, नि धाकटे दीर चिंतामण बांधावरनं तणतणत आले. 'वयनी, सोनबानं बांध कोरला! आज दावतोच त्याला!' स्वतःचं बोट लावलं, पेटी म्हणाली टुँऽऽ. अंगठा लावला, टुँऽऽ! मग वळले माझ्याकडं. 'तुमच्या बोटानं उघडती न्हवं? खरं सांगा!' आणि वार कुठला? रविवार!

न्हाय म्हणू? नवस मोडतो. व्हय म्हणू? सोनबाची प्रयागबाई माझी हळदीकुंकवाची मैत्रीण, तिचंच कुंकू...! म्हटलं, 'उघडती. पण आधी देवाचं नाव घेते.' देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्यात बोट खुपसलं, पार मुळापर्यंत! लावलं. टुँऽऽ! 'पुसा की वयनी!' 'देवाचा भंडारा पुसत्यात व्हय?' पुन्हा टुँऽऽ! दीर घामाघूम. 'यंत्रच खुळं हाय!' म्हणत मटकन बसले. मी ताक दिलं. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणतात, 'तसा इतभरच कोरलाय म्हणा...'

निभावलं की हो! पण माझ्या जिवाला घोर... जीभ खरं बोलली, बोट खोटं बोललं, तेही देवाचाच भंडारा लावून, आणि वार कुठला? रविवार! माझं बोट मी काढायला लावलं पेटीतनं. आता त्या बोटापायी सोमवारीही मीठ बंद!

म्हणून हात जोडून सांगते, बायांनो, घरात बंदूक असेल तर अशी पेटी आणा, पण पूजेच्या हौसेनं आपलं बोट घालू नका. माझ्यासारखी बंद पेटीच पुजा. फक्त कुंकू बोट लावायच्या काचेवर नको... यंदा खंडेनवमीला मी तिथंच लावलं, तेल कालवून! आता ह्यांच्या बोटालाही टुँऽऽ. डुकरं उसात, आणि हे दारातनं ओरडतायत, 'कुणी केलं हे?'

आणि आज वार कुठला?