मोडक्या पुलाच्या डाव्या हाताला

संपादक : नकाशा नको कसा, वहिनी? त्यांच्या आठवणींचा अंक काढायचा आणि मासे धरायची त्यांची जागाच नाही दाखवायची? संध्याकाळी छपाईला जातोय हो.

वहिनी : जागा लोकांना तोंडपाठ आहे. तीस वर्षं दर रविवारी तुमच्याच पेपरात लिहिलं ना ह्यांनी? मोडका पूल, डावा हात, सपाट दगड.

घड्याळजी : आणि तीस वर्षांत एकदाही तिथे बसला नाही पठ्ठ्या.

वहिनी : भावजी!

घड्याळजी : आता कसलं भावजी! महिना झाला त्याला जाऊन. शेजारी बसून मासे धरले मी, आणखी किती दिवस पोटात ठेवू?

संपादक : म्हणजे... खोटं लिहायचे?

घड्याळजी : छे! वारा खरा, चिखल खरा, सर्दीसुद्धा खरी. जागा तेवढी खोटी. आम्ही बसायचो पंपघराच्या मागे. खरी जागा छापली तर आपल्याला टेकायला दगड उरणार नाही, म्हणायचा.

संपादक : अहो, माझे वडील त्या पुलाखाली म्हातारे झाले!

घड्याळजी : मासे मिळाले ना पण?

संपादक : मिळाले की. पिशव्या भरभरून.

घड्याळजी : मिळणारच! अख्खं गाव तिथे कणकेच्या गोळ्या टाकतंय, मासे काय खुळे आहेत? सगळे गेले पुलाकडे जेवायला. आमच्याकडे दहा वर्षांत बेडूक फिरकला नाही.

संपादक : दहा वर्षं? मग परवापरवापर्यंत छापलेले ते चार-चार किलोचे मासे?

वहिनी : खरेच होते. लोकांचे. परतताना एकटेच पुलावर थांबून, आपण पहाटेच बसून उठलो असं सांगत, एकेकाला विचारायचे, कसा लागला, किती ओढला. घरी येईपर्यंत मासा ह्यांचा झालेला असायचा.

घड्याळजी : हे मात्र मलाही नव्हतं ठाऊक! लबाड लेकाचा. ते काही नाही, छापा पंपघर. कळू दे लोकांना, आपल्याच थापेत स्वतः कसा अडकला होता. कितीदा म्हटलं, चल पुलाकडे. जागचा हलेल तर शपथ! बंद पडलेलं घड्याळ परवडलं.

वहिनी : लोक हसतील ह्यांना.

घड्याळजी : हसू देत. त्यालाही आवडलं असतं.

वहिनी : थांबा जरा.

(कोपऱ्यातली नवऱ्याची गळाची काठी आणून घड्याळजीच्या हातात देते.)

वहिनी : दोरीचं टोक बघा.

घड्याळजी : शिशाचा गोळा आहे. आणि... गळ कुठाय?

वहिनी : नाहीच. तुमची बायको गेली ना, त्याच वर्षी काढून ठेवला. मी म्हटलं, अहो, गळाशिवाय मासा कसा लागेल? तर म्हणाले, लागायला नकोच आहे. मासा लागला की हा घड्याळजी बोलायचा थांबतो, आणि पुलाच्या गर्दीत तर तोंडच उघडत नाही. सांगा ना भावजी. काय छापायचं?

घड्याळजी : मी म्हणजे... तिच्याबद्दल बोलायचो. तेच तेच. दर रविवारी.

वहिनी : माहीत आहे.

संपादक : घड्याळजी, नकाशाचं काय करू मग?

घड्याळजी : छापा की. मोडका पूल, डावा हात, सपाट दगड. सगळ्यांनी तिकडेच जा म्हणावं.