विचारणारीची उजळणी

बसच्या रांगेत माझ्या पुढे रसायनशास्त्राच्या पेपरला निघालेल्या दोन मुली होत्या. पुस्तक उंच मुलीच्या हातात होतं. ती विचारत होती, मैत्रीण उत्तरं देत होती.

"ॲनोडवर काय होतं?"

"ऑक्सिडेशन."

"कॅथोडवर?"

"रिडक्शन. आण ते पुस्तक, आता मी विचारते."

"नको गं, तुझी लिंक तुटेल."

"महिनाभर हेच ऐकतेय. आण इकडे. हं, कालचाच प्रश्न. सेलच्या तारेतून इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात?"

"काल तर तू धडाधड सांगितलंस."

"मी सांगितलं. आता तू सांग."

उंच मुलगी वाकून पुस्तकात डोकावू लागली.

"अगं, रोज तूच विचारतेस की हे!"

"विचारायला काय लागतं? उत्तर समोर छापलेलं असतं. तुला यायला लागलं, की वाटायचं, मलाही येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घरी सगळ्यांना सांगत सुटली होतीस, हिच्यामुळे मी पास होणार म्हणून. मग कुठल्या तोंडाने बोलू?"

"बस आली," उंच मुलगीच म्हणाली. "चल."

"जाऊ दे. वेळ आहे, पुढची घेऊ. हे बघ, पुस्तक मिटलं. ॲनोडवर काय होतं?"

"ऑक्सिडेशन."

"म्हणजे इलेक्ट्रॉन तिथे सुटे होतात. मग ते कुठे जातील? घाई नाही. विचार कर."