आखाजीच्या मुहूर्ताने सोडलेले पाणी

समस्त श्रोतृवृंदास सविनय निवेदन असे की, आज या ठिकाणी पुराणातील कोणत्याही राजाचे आख्यान सांगितले जाणार नाही. आख्यान आहे ते आपल्या गिरजाई नदीचे व तिच्या काठच्या दोन गावांचे. वरचे गाव आपले, वडवाडी. खालचे, तीन कोसांवरचे, टेंभुरखेडे. घसा बसलेला आहे, अंगातही पूर्वीचे त्राण नाही. तरी सांभाळून घ्यावे.

प्रथम प्रश्न! मंडळी, ऐका — पूर्वजांनी घालून दिलेला नियम तंतोतंत पाळला, आणि त्या पाळण्यानेच घात झाला, तर पाप कोणाच्या माथी?

उत्तर मागाहून द्या. असो. मीही वर्षभर बोललो नाही.

नियम असा. दिवाळी सरली की आपल्या बंधाऱ्याची मोरी माती-गवताने बुजवायची, नदी अडवायची, पिके काढायची. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोरी उघडून पाणी खाली सोडायचे. का? तर आपल्या लेकी तिकडे दिलेल्या! त्या दिवशी लेक माहेरी येते आणि माहेरचे पाणी तिच्या सासरी जाते. केवढा थोर विचार! परंतु तेव्हा आखाजीला बंधाऱ्यात कमरेइतके पाणी असे. आता माघातच ऊन जाळते. पावसाने आपले वेळापत्रक बदलले — आपण नाही बदलले!

गेल्या वर्षी फाल्गुनात, सणवार नसताना, मंजुळा माहेरी आली. आपले पाटकरी सुकलाल, बंधाऱ्याचे पाणी सोडणारे, त्यांची ती टेंभुरखेड्यात दिलेली लेक. कोरड्या नदीतून पायी आली.

“आबा, मोरी उघडा. गावची विहीर तळाला गेली. नदी वाहिली तरच तिला पाझर फुटतो.”

“माय, हात माझा, पण हुकूम पंचांचा.”

“मग पंचांकडे चला. त्यांच्या घरी लेकी नाहीत का?”

पंच बसले. मुख्य पंच उत्तमआप्पा म्हणाले, “सुकलाल, आखाजीला दोन महिने आहेत. आमचा ऊस उभा आहे. उद्या म्हणशील, दिवाळी श्रावणात करा!”

हशा पिकला. कोण हसले? मंडळी, आता खाली पाहू नका — तुमचे दात मला इथून दिसत होते!

मंजुळा म्हणाली, “आप्पा, दिवाळी पुढेमागे झाली तर काही अडत नाही. विहीर आटली तर आमचे गाव उठेल.”

तेव्हा आप्पा माझ्याकडे वळले. “बुवा, शास्त्र काय म्हणते?”

माझे शिक्षण सातवीपर्यंत. शास्त्र विचारले की छाती फुगते! मी गंभीर वाणीने उत्तरलो, “मर्यादेचे उल्लंघन करू नये.” टाळ्या पडल्या. नारळही मिळाला. तो गोड लागला — खोटे का बोलू?

मंजुळा आल्या वाटेने गेली. पुढे दोन महिने पाणी उसाने प्यायले, उरलेले उन्हाने.

आखाजी आली. संबळ वाजला, मोरीला हळदकुंकू वाहिले, सुकलालांनी चिखल उपसला. रीत अशी की पाटकऱ्याने खांद्यावर फावडे घेऊन पाण्याच्या पुढे चालायचे आणि खालच्या गावाला वर्दी द्यायची. सुकलाल चालू लागले. पहिले वळण — मागे पाणी आहे. दुसरे — बोटभर. तिसऱ्या वळणावर मागे पाहिले, तर वाळूवर नुसती ओल! तीही डोळ्यांदेखत वाळत होती.

वर्दी देणारा पोहोचला, मंडळी. पाणी पोहोचले नाही.

टेंभुरखेड्यात दारांना काटे लावून घरे बंद केलेली. गाडीवर शेवटचे बोचके मंजुळाचे.

“आबा, पाणी आले?”

सुकलालांनी मान खाली घातली. तिने वाटेसाठी भरलेल्या कळशीतून तांब्या भरला. “उन्हातून आलात. आधी पाणी प्या.”

त्यांनी ते पाणी पुन्हा कळशीत ओतले. म्हणाले, “तुझ्या माहेराने तुझे पाणी पिऊन टाकले, माय. आता मीही पिऊ?”

गाव उठले. पाऊस झाल्यावर बरीच घरे परतली. मंजुळाचे दार अजून बंद आहे.

सुकलाल घरी आले, छिन्नी घेतली आणि बंधाऱ्याच्या दगडावर एक रेघ कोरली. “यापुढे तिथी पाहू नका. पाणी उतरून या रेघेला टेकले की मोरी उघडायची. महिना कोणताही असो.” पंच म्हणाले, “पाहू.” ते पाहणे अद्याप संपलेले नाही.

तर पाप कोणाच्या माथी? प्रथम माझ्या! पाणी पोहोचावे म्हणून पूर्वजांनी तिथी नेमली. मी तिथी जपली आणि पाणी घालवले. दुसरे, हसणाऱ्यांच्या माथी. मंडळी, आता नावे घेण्याचाही शीण येतो.

आज फाल्गुन शुद्ध तृतीया. सकाळी स्नानाला गेलो होतो. पाणी रेघेला टेकले आहे. ऊस अर्धा उभा आहे, हेही मी पाहिले. तो वाळेल, हेही जाणतो. माझा अर्धा एकर त्यातच आहे. आप्पा, शास्त्र विचारू नका. सुकलाल फावडे घेऊन देवळाच्या पायरीशी उभे आहेत, त्यांना हुकूम द्या. आरती मागाहून होईल. आपण पहिल्या रांगेत आहात — आपणच आधी उठावे.

आपला सेवेकरी नथूबुवा खैरनार, मुक्काम वडवाडी. ज्यांनी ऐकले त्यांचे, आणि पुढे हे कागदावर वाचतील त्यांचेही, मनःपूर्वक आभार.