ज्वालामुखीपुढचा घोट

ज्वालामुखीच्या तान्ना बेटाच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना शेजारच्या मामा-भाच्याचं बोलणं कानावर आलं.

"मामा, काल वडाखाली कावा झुडपाच्या मुळांचा रस प्यालो, पण शेवटचा घोट थुंकून पूर्वजांकडे करायचं मागणं मोठ्यानं बोललोच नाही."

"का रे कापालू? जीभ बोटीत विसरलास?"

"लाज वाटली. मनातच म्हटलं, पूर्वजहो, मी शहरात वाढलो, तरी मला आपला म्हणा."

"मनातलं त्यांना ऐकू येत नाही, गाढवा! मागणं त्यांच्या कानी जावं म्हणून तर बाकीचे गप्प बसतात."

"मग मी परकाच राहिलो?"

"तुझ्यानंतर मी मागितलं ना. म्हटलं, आमच्या बहिणीचा मुलगा आहे, याला ओळखा."

"म्हणूनच ज्वालामुखी एवढा गरजला! वडाची पानं गळली, मामा."

"नाही रे बाळा. तो गरजला, तेव्हा माझा घोट अजून तोंडातच होता."