उजवीकडचे दोन इवाई

...अन् वरतून मलेच बोलून राह्यले, राजेहो! "चिंधू, तुह्यानं आमची लाज गेली!" अरे बाप्पा, तुमची लाज झाकाले तं मास्क लावला होता मी! तोंडाले बांधाचा नाई, मोबाईलमधला. व्हिडिओ कापाचं-जोडाचं ते ॲप नसते का, त्यातला. एक व्हिडिओ खाली ठेवा, दुसरा त्याच्यावर ठेवा, अन् मास्कनं वरच्याचा अर्धा भाग झाका, का तेवढ्यातून खालचा दिसते. मी चवथी नापास, तरी समजलं! दाखवाचं तेवढं दाखवा, बाकीचं झाका. संसारात तरी दुसरं काय करता तुम्ही?

आता हे बोलणारे कोन? तं एक पुंडलिकराव, किराणा दुकानवाले, आमच्या शेजारच्या रक्षाच्या बापाचा बाप. दुसरे मधू गुरुजी, रिटायर मास्तर, रक्षाच्या मायचा बाप. म्हणजे एकमेकाचे इवाई. अन् बोलणं? रक्षा जन्माले याच्या आधीपासून बंद! काऊन? तं तिच्या मायबापाच्या लग्नात फोटोवाल्यानं दोघाले बाकावर बसा म्हटलं, अन् उजवीकडं कोन बसते यावरून जुंपली. उजवी बाजू मानाची ना! हे म्हणे, "मी नवरदेवाचा बाप." ते म्हणे, "मी वयाने मोठा." फोटोवाला कंटाळला. अल्बम पाहा तुम्ही, त्यात निस्ता बाक हाय!

आता रक्षाचं लग्न. बोरगाव मेघेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावाचा. पोरगी आली माह्याकडं. "आबाजी, दोघंबी आजोबा एका बाकावर बसून मले आशीर्वाद देऊन राह्यले, असं दिसलं पायजे. मले बाकी काई नको." डोळ्यात पाणी हो! मी लोकाच्या चपला लपवणारा मानूस, पण माहं बी काळीज हाललं. म्हटलं, जा बेटा, मेंदी काढ. हे बुढे जलमात एकत्र बसणार नाई, पण मास्क हाय ना! दाखवाचं तेवढं दाखवा, बाकीचं झाका.

तं अंगणात बाक मांडला, समोर स्टुलावर मोबाईल, मागून इटेचा टेका, कारन मोबाईल हालला का खेळ खलास. पयले पुंडलिकराव. "मी उजवीकडंच बसीन हां, चिंधू." बसा बाप्पा! हात उचलला, "सुखी राह्य, पोरी." गेले. मंग गुरुजी. चष्मा नाकावर, चेहरा असा का जशी मीच गृहपाठ केला नाई. "चिंधू, मी उजवीकडेच बसेन." बसा गुरुजी! "अखंड सौभाग्यवती भव." गेले. एकाले दुसऱ्याचा पत्ता नाई!

जोडाले बसलो... तं दोघंबी उजवीकडं! गुरुजी थेट पुंडलिकरावच्या मांडीवर! मी हासता हासता खाटेखाली. म्हटलं असंच राहू द्याव का? पण पोरीचं तोंड आठवलं. मंग ॲपमध्ये एक बटन सापडलं, आरशासारखं उलटं करते. गुरुजीले केलं उलटं, बसले डावीकडं! मधात मास्कची रेघ ओढली, रेघेची कड मऊ केली, असा सांधा बसला का शिंप्यानं तोंडात बोट घालाव! मी निस्ता तो सांधाच पाहून राह्यलो. बाकीचं कोन पाहते?

सारा हॉल पाहते, राजेहो!

व्हिडिओ लागला. दोन आजोबा, एक बाक! रक्षा स्टेजवरून अशी हासली, अशी हासली... टाळ्या पडल्या, मी बी आपल्या मिशीवर ताव देल्ला, अन् तेवढ्यात रक्षाची कमला आत्या किंचाळली, "अवं माय! गुरुजी डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राह्यले!"

झालं! आरशात उजव्याचं डावं होते, हे चवथी नापासाले कोन सांगाव? टाळ्या बंद, कुजबुज सुरू. "पोरीले डाव्या हातानं?" "अपशकुन हो!" रक्षाचं तोंड एवढंसं झालं. गुरुजी उभे राह्यले, चष्मा पुसून पडद्याकडं पाहून राह्यले. अन् उठून बोललं कोन? पुंडलिकराव!

"ए, चूप बसा! या मानसाशी माहं बोलणं नाई, पण यानं डाव्या हातानं कोनाले पाणी बी देल्लं नाई! माहं पोरगं डाव्या हातानं लिहे म्हणून यानं त्याले छड्या मारल्या, अन् मंग त्यालेच जावई केलं!"

गुरुजी पाहतच राह्यले. मंग दोघंबी गरकन वळले, माह्याकडं. "चिंधू!" एका सुरात! साऱ्या जिंदगीत पयल्यांदा एका सुरात बोलले, अन् तेबी मले झाडाले!

रक्षा म्हणे, "आबाजी, आता खराखुरा काढा." बाक आणला, मोबाईल धरला. पुंडलिकराव म्हणे, "गुरुजी, उजवीकडं तुम्ही बसा." गुरुजी म्हणे, "छे छे, मान तुमचा." "नाई, तुम्ही." "अहो, आपणच." भटजी मुहूर्त चालला म्हणून ओरडून राह्यला, मठ्ठा गरम होऊन राह्यला, अन् हे दोन बुढे डावीकडचं टोक धरून एकमेकाले उजवीकडं ढकलून राह्यले! उजवीकडं बसाले कोनीच तयार नाई!

काय करता? पयले एकाले डावीकडं बसवून काढला. मंग दुसऱ्याले डावीकडं बसवून काढला. अन् मी बसलो पंगतीच्या कोपऱ्यात, पुन्हा एकाले उलटं करून मास्क लावत. दाखवाचं तेवढं दाखवा...

फक्त या खेपेले आशीर्वाद दोघालेबी दोन्ही हात उचलून द्याले लावला!