मंजनाच्या डबीतली सापशिडी

त्रेसष्ट साली बुलढाण्याच्या मोटारस्टँडवर, धामणगाव बढेच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि एक पिशवीवाले गृहस्थ उभे होते. बाईंच्या हातातल्या गुंडाळीकडे बघत गृहस्थांनी विचारलं,

"बाई, हे सापशिडी मंजनाच्या डबीसंगं फुकट भेटली ना?"

"हाव भाऊ. शिडीपाशी मंजनाची डबी काढेल हाय, अन् सापाच्या तोंडात मिसरी."

"म्हंजे मंजन लावलं का वर, मिसरी लावली का खाली!"

"पण माही सासू सोंगटी खाली आणतच नाही. म्हणते, पन्नास वर्सं मिसरी घासून राह्यली, बत्तीसच्या बत्तीस दात हायेत."

"मंग?"

"मंग काय, राहू देतो वरच. रोज तेच जिंकते."

"अन् मंजन कोन लावते?"

"कोनीच नाही. त्यानं पितळेचे गडवे लय चमकतात. पट फाटला म्हून आज दुसरी डबी घेतली. पण तुम्ही काऊन इतकं इचारून राह्यले?"

"ते मंजन मीच बनवतो, बाई."

"अवो माय! मंग पुढच्या पटावर शिडीपाशी गडवा काढा, भाऊ. आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया नेतील."

"अन् सापाच्या तोंडातली मिसरी काढून टाकू?"

"नोका काढू. म्हातारीले जिंकाची सवय झाली."